ताप मुलाला, सुई काळजीला

"डॉक्टरसाहेब, एक इंजेक्शन देऊनच टाका!" रात्री अकराला मूल घेऊन आलेले वडील हमखास म्हणतात. मूल मात्र माझा स्टेथोस्कोप ओढत हसत असते. माझे स्पष्ट मत आहे, की अशा वेळी सुई मुलाच्या तापासाठी नसते, आईवडिलांच्या काळजीसाठी असते. पूर्वी मीही ती देत असे, ते चुकलेच.

ताप हा रोग नव्हे, शरीर जंतूंशी झुंजत असल्याची ती खूण आहे. बहुतेक साधे विषाणूजन्य ताप तीन-चार दिवसांत उतरतात. त्यापुढे राहिल्यास तपासून घ्यावे. दर दहा मिनिटांनी कपाळाला हात लावून ताप लवकर उतरत नाही. त्यापेक्षा वहीत लिहा: ताप किती, पाणी किती प्यायले, लघवी कितीदा झाली, औषध केव्हा दिले. काळजीला काम मिळाले की ती आवरते, आणि ती वही मलाही उपयोगी पडते.

मात्र तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, किंवा कोणत्याही मुलाला झटका, धाप, ग्लानी दिसली, पाणीही पिईना, सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर सकाळची वाट पाहू नका. खुशाल दार वाजवा.