बिनविरोध म्हणजे कुणालाही न विचारता

7 मे 2024 ला गुजरातनं लोकसभेसाठी मतदान केलं. सुरत मतदारसंघ तेवढा घरी बसला. आमचं कोसाड याच मतदारसंघात येतं. लोकसभेसाठी माझं ते पहिलंच मत होतं, आणि मतदान केंद्रच उघडलं नाही.

काय झालं ते बऱ्याच जणांना अर्धवट माहीत आहे, म्हणून सांगतो. काँग्रेसचे उमेदवार नीलेश कुंभाणी यांच्या अर्जावर ज्यांच्या सह्या होत्या, त्या सूचकांनी प्रतिज्ञापत्र दिलं की सह्या आमच्या नाहीत. सूचक म्हणजे कुणी परके नव्हते, उमेदवाराच्या जवळचीच माणसं. 21 एप्रिलला अर्ज बाद झाला, पर्यायी उमेदवाराचाही झाला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या आठ जणांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल खासदार झाले. काँग्रेसनं कुंभाणींना सहा वर्षांसाठी निलंबित केलं. मग विषय संपला. सुमारे 17 लाख मतदारांना कुणी काही विचारलं नाही.

कायद्यानं हे सगळं बसतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 53(2) सांगतं की जागा एक आणि उमेदवारही एकच असेल तर निकाल लगेच जाहीर करा. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपल्याला नोटा दिला खरा, पण ते बटण दाबायला आधी मशीन समोर यायला हवं ना!

त्या दिवशी तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष सी. आर. पाटील म्हणाले की सुरतनं पंतप्रधानांना पहिलं कमळ अर्पण केलं. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. इथल्या आम्हा खानदेशी लोकांना त्यांचा अभिमान वाटतो, आणि त्यात चूक काही नाही. पण सुरतनं अर्पण केलं म्हणजे कुणी? विरोध दिसला नाही म्हणजे सगळे आपलेच, असं मानणारं राजकारण मला खोटं वाटतं. जिंकणारा पक्ष कोणता याच्याशी त्याचा संबंध नाही.

सीमालढ्याच्या पानावर सुरतचं रडगाणं कशाला, असं कुणी म्हणेल. बेळगावकरांना हे सांगायची गरज नाही, त्यांनी हे आमच्या आधी भोगलंय. 2005 मध्ये बेळगाव महापालिकेनं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला आणि कर्नाटक सरकारनं महापालिकाच बरखास्त करून टाकली. लोकांनी निवडून दिलेलं सभागृह एका आदेशात संपलं. तेव्हा कर्नाटकात काँग्रेस आणि जनता दलाचं सरकार होतं, महाराष्ट्रात काँग्रेस आणि राष्ट्रवादीचं. म्हणजे एकच पक्ष बंगळूरुत बरखास्तीच्या बाजूला आणि मुंबईत सीमावासीयांच्या पाठीशी!

डिसेंबर 2022 मध्ये तर कमाल झाली. 22 तारखेला कर्नाटकानं बेळगावच्या अधिवेशनात ठराव केला की एक इंचही जमीन देणार नाही. 27 ला महाराष्ट्रानं नागपुरात ठराव केला की 865 गावांची इंच न इंच जमीन घेणार. दोन्ही ठराव एकमतानं. दोन्हीकडे भाजप सत्तेत, दोन्हीकडे काँग्रेस विरोधी बाकांवर. मग बेळगावात हात वर करणारा पक्ष खरा की नागपुरातला?

विचारसरणी असणं हा गुन्हा नाही. राष्ट्र आधी आणि भाषा नंतर, असं कुणाला मनापासून वाटत असेल तर त्यानं ते कोल्हापुरातही म्हणावं आणि निपाणीतही. मी त्याच्याशी वाद घालीन, पण त्याला खोटारडा म्हणणार नाही. हद्द ओलांडली की जी बदलते ती विचारसरणी कसली? त्याच महिन्यात दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांसमोर दोन्ही राज्यांच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती ठरली होती. तिच्या बैठका किती झाल्या, इतिवृत्त कुठे आहे, हे आपापल्या आमदाराला लेखी विचारा. महाराष्ट्राचा मूळ दावा सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून आहे, पण ते कारण सांगून या प्रश्नाचं उत्तर टाळता येणार नाही.

आता करायचं काय? मला राहून राहून 1996 ची बेळगावची लोकसभा निवडणूक आठवते. आठवते म्हणजे वाचलेली, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष जावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीनं लोकांना थेट अर्ज भरायला लावले आणि एका जागेसाठी 456 उमेदवार उभे राहिले. त्याच वर्षी तेलुगू मुलखात नलगोंड्याला फ्लोराइडच्या पाण्यासाठी 480 उभे राहिले होते. जागा त्यांच्या हाती लागली नाही. पण त्यांना वगळून पुढे जाणं कुणाला जमलं नाही. लगेच त्याच वर्षी कायदा बदलून अनामत 500 वरून 10,000 केली, अपक्षाला दहा सूचक सक्तीचे केले. आज लोकसभेची अनामत 25,000 आहे. गर्दी रोखायची घाई केवढी! सुरतेत मैदान रिकामं झालं, त्यावर मात्र अजून उपाय नाही. कलम 53(2) ला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेलीय. एकटा उमेदवार असला तरी त्याला नोटाशी लढावं लागावं, ही मागणी प्रत्येक मराठी संघटनेनं उचलायला हवी, कारण हे उद्या कुठेही घडू शकतं.

आणि कायदा बदलेपर्यंत हिशोब साधा आहे. त्या आठ जणांतला एक जरी हटला नसता तरी मतदान घ्यावंच लागलं असतं. एक अर्ज, बस. त्याला दहा सूचक आणि वर्गणीतून अनामत. म्हणून मी आणि मित्रांनी आत्तापासून कोसाड-अमरोलीत सूचक शोधायला सुरुवात केलीय. चार जण तयार आहेत. पाचवा म्हणतो, सही लगेच देतो, पण उमेदवारानं आधी मला लिहून द्यावं की तो माघार घेणार नाही.