पुस्तक एकच हवंय? मग आधी शाळा एक करा

देशभर एकच अभ्यासक्रम असावा असं म्हणणाऱ्यांची एक सोय असते. ते वाक्य कानाला फार गोड लागतं. श्रीनगरचं पोर आणि पोलादपूरचं पोर एकाच दिवशी एकच धडा वाचतंय, या कल्पनेनं ज्यांना गहिवरून येतं त्यांनी पोलादपूर बहुधा महाबळेश्वरला जातानाच पाहिलेलं असतं. आंबेनळी घाट चढण्याआधी गाडी थांबवायची, वडापाव खायचा, काच वर करायची की झालं. त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोंगरात वाड्या आहेत आणि वाड्यांवर शाळा आहेत, हे त्यांच्या गावीही नसतं.

मी शेजारच्या महाडचा. या एकपुस्तकवाल्यांना माझा सवाल साधा आहे: पुस्तक ठरवाल हो, शिकवणार कोण?

मार्च २०२५ मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी राज्य मंडळाच्या शाळांत सीबीएसई पॅटर्न आणण्याची घोषणा केली. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला, त्यात पहिलीपासून हिंदी घुसवली आणि महाराष्ट्र पेटला. १७ जूनला शब्द बदलून तेच पुन्हा आणलं, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले, ५ जुलैला वरळीत ठाकरे बंधूंचा विजयी मेळावा झाला. टाळ्या पडल्या, लोक घरी गेले. पॅटर्न मात्र कुठेच गेला नाही. पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला; दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावीसाठी २०२६-२७ हे साल आधीच जाहीर झालेलं होतं. सरकार सांगतं की काळजी नको, पाया एनसीईआरटीचा असला तरी वरचं बांधकाम बालभारतीच करणार. पाया दुसऱ्याचा असला की वर किती मजले चढवायचे हे कोण ठरवतं, ते घर बांधलेल्या माणसाला विचारा.

बरं, पाया राहू द्या. शाळेत चला.

डोंगरातल्या शाळेत दोन खोल्या असतात, इयत्ता चार-पाच असतात आणि गुरुजी एक, नशीब असेल तर दोन. पहिलीच्या पोरांना पाटीवर 'ग' गिरवायला देऊन गुरुजी तिसरीकडे वळतात, तिथं हातच्याची वजाबाकी अडलेली असते. चौथीची दोन पोरं भिंतीला टेकून आपलं आपण वाचत बसतात. तेवढ्यात मोबाइल वाजतो. केंद्रावरून माहिती मागवलेली असते, आजच्या आज, लिंक भरून. गुरुजी फोन डोक्यावर धरून अंगणात रेंज शोधत फिरतात. त्या अर्ध्या तासात ही शाळा कोणत्या पॅटर्नची असते? सीबीएसईची, राज्य मंडळाची, की रामभरोसे मंडळाची?

यावर शासनाने इलाज काढला नाही असं कोण म्हणेल? काढला ना. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं पिल्लू सोडलं. राज्यातल्या जवळपास १५ हजार शाळा त्या रेषेखाली येत होत्या. दाखले दिले पानशेतचे आणि तोरणमाळचे. मग १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने कमी पटाच्या शाळांतल्या शिक्षकांच्या पदांना कात्री लावली. पट कमी का झाला, हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही. पोलादपूर तालुक्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईची चाकरी करत आली. आधी गिरणीत एकटा जायचा, आता बायकापोरांसकट नालासोपारा, दिवा गाठतो. जी मागे राहिली त्यांना गुरुजी देणार नाही, एसटी वेळेवर देणार नाही, जुलैत ओढा फुगला की पलीकडच्या समूह शाळेत कसं जायचं ते सांगणार नाही. पण पुस्तक मात्र दिल्लीच्या मुलाचं देणार. आडात नाही आणि पोहऱ्यावर राजमुद्रा!

समान पुस्तकाने समता येते असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी रामचंद्र बाबाजी मोरे यांचं चरित्र काढून बघावं. मोरे महाडजवळच्या लाडवलीचे. शिष्यवृत्ती मिळवलेला हा हुशार मुलगा महाडच्या इंग्रजी शाळेत नाव घालायला गेला, तर अस्पृश्य म्हणून त्याला परत पाठवलं. पोराने गप्प न बसता वर्तमानपत्राला कळवलं, तेव्हा कुठे शाळेचं दार किलकिलं झालं. त्या काळी मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खात्याचा अभ्यासक्रम एकच होता. अगदी आजच्या एकपुस्तकवाल्यांच्या स्वप्नातला. त्याने मोऱ्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं का? हेच मोरे पुढे १९२७ च्या महाड परिषदेच्या खटपटीत आघाडीवर होते, आणि ती परिषद पाण्याला हात लावायच्या हक्कासाठी होती. इथल्या माणसाला प्रवेश आणि पुस्तक यांतला फरक शिकवायला जाऊ नका.

बालभारतीने एक गोष्ट मात्र मोठ्या शहाणपणाने केली होती. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं काढलं. रायगडच्या मुलाला रायगडचं, गडचिरोलीच्या मुलाला गडचिरोलीचं. त्या पुस्तकावर पोरं कशी तुटून पडतात ते मी पाहिलं आहे. एक मुलगी नकाशातल्या सावित्रीवर बोट ठेवून पोलादपूर, महाड करत पार बाणकोटच्या खाडीपर्यंत गेली, मग बोट उचलून म्हणाली, "आणि आमचा व्हाळ कुठाय?" नव्हता. तिने पेन्सिल घेतली आणि काढून टाकला. भूगोल हा विषय त्या दिवशी त्या पोरीचा झाला. तिच्या हातात देशभराचं पुस्तक दिलं असतं तर सावित्रीसुद्धा तिला पेन्सिलीनेच काढावी लागली असती.

आणि हा लाडाकोडाचा विषय नाही, जिवाचा आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण ही गावं दरडीखाली आली. २२ जुलै २०२१ ला तळिये गेलं, ८० हून जास्त माणसांसकट; त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवर दरड आली. उतारावर नवी भेग पडली, झाडं नि खांब एका बाजूला कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा नको तिथून फुटलं, तर घर सोडायचं आणि ओढ्याच्या वाटेनं पळायचं नाही, हा धडा इथे पहिलीपासून हवा, दर जूनला हवा, तोंडपाठ हवा. जैसलमेरच्या मुलाला त्याची गरज नाही. त्याला पाणी राखायचा धडा हवा. दोघांना एकच पुस्तक दिलं की दोघांनाही 'नैसर्गिक आपत्तीचे प्रकार लिहा' एवढंच मिळतं, गुण दोन.

जैसलमेरवरून आठवलं. जुलै २०२५ मध्ये एनसीईआरटीचं आठवीचं सामाजिक शास्त्रांचं नवं पुस्तक आलं, त्यात मराठ्यांच्या उदयावर आख्खं प्रकरण. आमच्याकडे काही मंडळींच्या छात्या फुगल्या. लगेच जैसलमेरच्या राजघराण्याने तक्रार केली की नकाशात आमचं संस्थान मराठ्यांच्या अमलाखाली कसं दाखवलं? एनसीईआरटीने ऑगस्टमध्ये समिती नेमली. नकाशा चूक की बरोबर हे इतिहासकारांनी ठरवावं. माझा मुद्दा छाती फुगवणाऱ्यांसाठी आहे. त्याच संस्थेच्या सातवीच्या नव्या पुस्तकातून त्याच वर्षी मोगल आणि दिल्लीचे सुलतान गळाले; त्याआधी दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग गेला. आज ती लेखणी तुमच्या बाजूने चालली म्हणून टाळ्या वाजवताय, उद्या उलटी चालली तर कुठे जाल? चौथीत शिवछत्रपती शिकलेल्या महाराष्ट्राच्या पिढ्यांना दिल्लीच्या परवानगीची गरज पडली नव्हती. उमरठला तानाजींची समाधी आहे, पोलादपुरात कवींद्र परमानंदांची. ही दोन ठिकाणं राष्ट्रीय पुस्तकात किती ओळींची, याची वाट बघत इथल्या शाळेने बसायचं का?

म्हणून राज्याचा अभ्यासक्रम ठरवायला पुण्यात सगळे शहाणे बसलेत असंही नाही. मे २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला आणि त्यात मूल्यशिक्षणाच्या प्रकरणात मनुस्मृतीतला श्लोक! ज्या गावात २५ डिसेंबर १९२७ ला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी ठराव मांडून बाबासाहेबांच्या परिषदेने ते पुस्तक जाळलं, त्या गावाला हे वाचावं लागलं. जितेंद्र आव्हाड २९ मेला महाडला निषेध करायला आले, त्यांच्या हातून बाबासाहेबांचं छायाचित्र असलेला कागद फाटला, आणि पुढचे दिवस सगळी चर्चा त्या कागदावर. मसुद्यात आणखी काय लिहिलंय हे किती पुढाऱ्यांनी उघडून पाहिलं, देव जाणे. तरीही पुण्यात केलेली आगळीक महाडला आठवड्याभरात कळली आणि जाब विचारता आला. दिल्लीतल्या समितीला इथून जाब विचारायचा तर कोणत्या गाडीत बसायचं?

एक आक्षेप खरा आहे, तो टाळत नाही. नीट, जेईई या परीक्षा एनसीईआरटीवर बेतलेल्या असतात आणि आपली पोरं मागे पडतात. मान्य. मग अकरावी-बारावीचं भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित त्या तोडीचं करा, उद्या करा. बारावीच्या परीक्षेसाठी पहिलीतलं पोर कशाला जुंपता? बदलीच्या नोकरीचं म्हणाल, तर केंद्र सरकारच्या बदल्या होणाऱ्या नोकरांच्या मुलांसाठी सीबीएसई १९६२ पासून आहेच. पोलादपूरच्या बापाची बदली लखनौला होत नाही. तो फार तर डोंबिवलीला जातो, आणि तिथे बालभारतीच असते. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ ला मॅट्रिकला पहिले आले, पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. राष्ट्रीय अभ्यासक्रमावाचून त्यांचं काही अडलेलं ऐकिवात नाही.

वेळापत्रकाचं काय सांगावं! सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये उघडतं. एप्रिलमध्ये इथल्या वाड्यांवर हंडे रांगेत असतात आणि कातकऱ्यांची पोरं आईबापांबरोबर वीटभट्टीवर. विदर्भाच्या उन्हासाठी शाळा उघडायची तारीख याच राज्याला वेगळी ठेवावी लागते, आणि निघालेत देशाचं घड्याळ एक करायला.

एकच करायचं तर कोठारी आयोग काढा. १९६६ चा अहवाल, सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. समान शाळा पद्धती, म्हणजे साहेबाचं नि शिपायाचं पोर जवळच्या एकाच सार्वजनिक शाळेत, ही त्यातली शिफारस. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ती तोंडभरून मान्यही केली. ती मात्र कुणाला राबवायची नाही, कारण त्यात पैसे लागतात आणि स्वतःचं पोर त्या शाळेत घालावं लागतं. पुस्तक एक करायला छापखाना पुरतो.

तेव्हा महाड-पोलादपूरच्या आईबापांनो, येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत शाळेचा विषय घ्या. आपल्या शाळेत मंजूर शिक्षक किती, हजर किती, आणि तिसरीचं रायगड जिल्ह्याचं पुस्तक पुढे राहणार की जाणार, हे तीन प्रश्न ठरावात घाला. शाळा व्यवस्थापन समितीची सही घ्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच मागा. उत्तर लेखीच घ्या. तोंडी आश्वासनावर उठून येऊ नका.