गुगलला 'राहाता' विचारून बघा

सर्चमध्ये नुसतं 'राहाता' टाकून बघा. आधी शिर्डीची हॉटेलं येतात, मग टॅक्सीचे रेट, आणि नशीब असेल तर कुठेतरी पेरूचा उल्लेख. आणि याच भरवशावर आपण सेमिनार मारतो!

मागे सिव्हिलच्या एका सेमिनारमध्ये स्लाईड झळकली : 'राहाता तालुक्याला भंडारदऱ्याचे पाणी मिळते.' तीन वेबसाईटवर तेच होतं म्हणे. असणारच, तिघांनी एकमेकांचं उचललेलं! लोणीकडच्या भागापुरतं ते खरं आहे. तिथे प्रवरेचा डावा कालवा आहे, ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेला. पण खुद्द राहाता गाव गोदावरीच्या उजव्या कालव्यावर. त्याचं पाणी येतं नांदूर मधमेश्वरहून, आणि वर दारणा धरण. एका तालुक्यात दोन नद्यांचं पाणी. २००५ च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटप आलं. तेव्हापासून जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की कुठल्या धरणातून किती, यावर भांडण कोर्टापर्यंत जातं. तिथे 'भंडारदरा की दारणा' हा एका मार्काचा प्रश्न नसतो. मागच्या बाकावरच्या शेतकऱ्यांच्या पोरांना हे सगळं ठाऊक होतं. पण स्लाईड पडली इंग्रजीत, त्यामुळे कोणी तोंड उघडलं नाही.

स्टीलवाल्यांची तऱ्हा निराळी. आयएस ८०० ची १९८४ ची प्रत नेटवर सापडली की लगेच डाउनलोड. २००७ ला कोड बदलला, वर्किंग स्ट्रेस मागे पडून लिमिट स्टेट आलं, हे पहिलं पान बघितलं तर कळेल. पण आपण थेट टेबलावर उडी मारतो. आता तर एआय दोन मिनिटांत वीस पानं देतो, वर संदर्भांची यादीही. त्यातली काही पुस्तकं कोणी लिहिलेलीच नसतात!

नेटशी माझं वैर नाही. नगर जिल्ह्याचं १८८४ चं गॅझेटियर नेटवरच वाचायला मिळतं. त्यात भंडारदरा धरण नाही, ते पुरं झालं १९२६ ला. पण ओझरचा कालवा आहे. म्हणजे कालवा आधी, धरण नंतर! उन्हाळ्यात नदी आटली की कालवाही कोरडा, म्हणून वर साठा करावा लागला. गॅझेटियर चाळताना हा प्रश्न पडतो. सर्चमध्ये पडत नाही, कारण तिथे आपण विचारतो तेवढंच मिळतं.

आता स्टाफला एक विनंती. रेफरन्सची पुस्तकं कुलुपात, प्रॅक्टिकल संपेपर्यंत लायब्ररी बंद, आणि होस्टेलचं वाय-फाय रात्रभर चालू. मग पोरं कुठे जाणार? परीक्षेआधीचा महिनाभर तरी लायब्ररी रात्री दहापर्यंत उघडी ठेवा, कपाटं खुली करा. आणि व्हायवाला रिपोर्टमधलं एक छापील पुस्तक टेबलावर मागवून घ्या, पान नंबरासकट.