घरांतील यंत्रें : तापली म्हणजे बंद पडणारी मोटार

पुष्कळ घरांत एखादी जुनी मोटार अद्यापि सांभाळलेली असते. ती विकावी असें दर दिवाळीस ठरतें, आणि वडीलधाऱ्यांचा जीव तिच्यांत अडकलेला असल्यामुळें तो विचार दर दिवाळीस मागेंही पडतो. अशा मोटारीचें एक दुखणें मोठें फसवें असतें. सकाळीं ती पहिल्याच झटक्यास चालू होते, वीस-पंचवीस किलोमीटर सुरळीत धांवते, आणि मग, विशेषतः उन्हाळ्यांत किंवा घाट चढतांना, कोणीं दिव्याचें बटण दाबावें तशी एकाएकीं बंद पडते. अर्धा तास बॉनेट उघडून ठेवलें कीं जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटांत पुन्हां चालू होते. मिस्त्रीकडे नेईपर्यंत ती निवालेली असते व त्याच्यापुढें एकदांही अडत नाहीं. मग अंदाजानें प्लग बदलले जातात, त्यानंतर कॉइल, त्यानंतर पेट्रोलचा पंप. पैसे जातात, दुखणें जागच्या जागीं राहतें. त्याचें मूळ पुष्कळदां डिस्ट्रिब्यूटरमधील बोटाच्या पेराएवढ्या एका सेन्सरांत असतें, आणि तें तेथेंच आहे कीं नाहीं हें कोणताही भाग न बदलतां सिद्ध करतां येतें.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नव्हे. एंजिन बंद पडलें म्हणजे ब्रेकला मिळणारें निर्वाताचें साहाय्य एक-दोनदां पाय दाबीपर्यंतच पुरतें. पुढें ब्रेक लागतो, पण पायाला फार जोर द्यावा लागतो. म्हणून अशा वेळीं ब्रेक पुनःपुन्हां न दाबतां एकदांच ठामपणें दाबून गाडी कडेला घ्यावी. आणि ती पुरती थांबेपर्यंत किल्ली काढूं नये, कारण तसें केल्यास पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगला कुलूप बसतें.

आतां हा सेन्सर करतो काय, तें पाहूं. चार सिलिंडरांच्या पेट्रोल एंजिनाची क्रँक मिनिटास ३,००० फेरे घेत असतां सेकंदास १०० ठिणग्या लागतात, आणि प्रत्येक ठिणगी नेमक्या क्षणीं पडावी लागते. तो क्षण ठरविण्याचें काम जुन्या अँबॅसडर व पद्मिनी गाड्यांत ‘पॉइंट’ करीत. पॉइंट जळत, झिजत. पण तें डोळ्यांना दिसे व रस्त्याच्या कडेला पॉलिश-कागदानें घांसून भागत असे. पुढें त्यांच्या जागीं सेन्सर आला. तो वर्षानुवर्षें निगेवांचून चालतो. बिघडला तर मात्र पाहून कांहींच कळत नाहीं. हा सौदा एकंदरीनें फायद्याचाच झाला असें आमचें मत आहे, जरी जुन्या मिस्त्रींना तें मान्य होणार नाहीं.

सेन्सरचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यांत लोहचुंबकाभोंवतीं केंसासारख्या बारीक तारेचें वेटोळें असतें. समोरून दांता गेला कीं त्यांत विजेचा हलकासा ठोका उमटतो. ह्याला बहुधा दोन तारा असतात. दुसऱ्या प्रकाराचें तत्त्व अमेरिकन शास्त्रज्ञ एड्विन हॉल यांस १८७९ सालीं, जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठांत शिकत असतां, सोन्याच्या वर्खावर प्रयोग करतांना सांपडलें : प्रवाह वाहत असलेल्या पातळ पत्र्यावर चुंबकाचा प्रभाव पडला म्हणजे त्याच्या दोन कडांत विजेचा अल्पसा दाब उत्पन्न होतो. फोल्क्सवॅगनच्या दुसऱ्या पिढीच्या गोल्फ गाडींत, इतर अनेक गाड्यांप्रमाणें, हाच सेन्सर डिस्ट्रिब्यूटरमध्यें बसविलेला असे. चुंबक व सेन्सर यांच्या फटींतून खिडक्या पाडलेली एक वाटी फिरते. खिडकी आली कीं चुंबकाचा प्रभाव पोंचतो, पत्रा आला कीं अडतो. ह्याला तारा तीन : एक विजेची, एक अर्थची, आणि मधली संदेशाची.

उष्णतेनें बिघाड कां व्हावा? वेटोळ्यांतील तार आंतून तुटली असली तरी थंडपणीं तिचीं टोंकें एकमेकांस टेकून असतात. तापून सर्व फुगलें कीं दुरावतात. हॉलच्या सेन्सरांतील सांध्यांचेंही तसेंच. शिवाय ज्या तबकडीवर सेन्सर बसतो ती पुष्कळ गाड्यांत एंजिनाच्या ओढीप्रमाणें सारखी मागेंपुढें हलते. तिजबरोबर वांकून वांकून तारेचें वेष्टण कडक होऊन तडकतें. म्हणून सेन्सरला दोष देण्यापूर्वीं त्याची तार व जोड नीट पाहावे.

लक्षणांत दोन खुणा महत्त्वाच्या आहेत. पेट्रोल कमी पडल्यास गाडी आधीं आचके देते. सेन्सर गेल्यास ती एकदम मुकी होते. दुसरी खूण, गाडी गिअरमध्यें असून चाकांच्या जोरावर एंजिन फिरत असतांही फेरे दाखविणारा कांटा जर झटकन् शून्यावर पडला, तर ठिणगीचा संदेशच थांबला असें समजावें. इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत हा संदेश थांबतांच पेट्रोलचा पंपही आपोआप बंद होतो. बिचाऱ्या पंपावर आळ येतो तो ह्यामुळें.

परीक्षा करण्यापूर्वीं एक सूचना. कॉइलमधून निघणारा दाब वीस हजार व्होल्टच्या वर जाऊं शकतो. मुलांस दूर ठेवावें, आणि पेसमेकर बसविलेल्या वडील मंडळींनीं एंजिन चालू असतां बॉनेटखालीं वांकूं नये.

गाडी बंद पडलेली असतांनाच ठिणगी तपासावी. तार हातांत धरून नव्हे, तर त्यासाठीं मिळणाऱ्या परीक्षक प्लगनें. ठिणगी जोमदार असली तर पेट्रोलकडे वळावें. नसली तर स्टार्टर मारून डिस्ट्रिब्यूटरमधील रोटर फिरतो कीं नाहीं तें पाहावें. न फिरल्यास बेल्ट तुटला असण्याचा संभव आहे. तो फिरत असेल तर मीटर घ्यावा. हॉलच्या सेन्सरांत किल्ली चालू करून कडेच्या दोन तारांत वीज येते काय तें प्रथम पाहावें. न आल्यास दोष तारेंत किंवा पुढल्या इलेक्ट्रॉनिक पेटींत आहे. येत असल्यास जोड न सोडतां मधल्या तारेवर मीटर लावून एंजिन पान्यानें हळूहळू फिरवावें. कांटा शून्याजवळून वर व वरून शून्याकडे स्वच्छ उडी मारील तर सेन्सर जिवंत आहे. तो संदेश देत असूनही ठिणगी नसेल तर पेटी किंवा कॉइल दोषी. येथें जुना बल्बचा दिवा लावून पाहूं नये. त्याची भूक सेन्सरला झेपत नाहीं. वेटोळ्याच्या सेन्सरचा अवरोध ओममध्यें मोजून त्या गाडीच्या पुस्तिकेंतील आंकड्याशीं ताडावा.

आणि गाडी बंद पडण्यास तयारच नसेल तर? तर तिला ताप आणावा. घरांतील केंस वाळविण्याचें यंत्र, मालकिणीची परवानगी काढून, आणावें व त्याचा गरम वारा सेन्सरवर पांच-दहा मिनिटें सोडावा. रंग काढण्याचें जास्त तापणारें यंत्र वापरूं नये, प्लॅस्टिक वितळेल. तापल्यावर संदेश नाहींसा झाला, निवल्यावर परतला, आणि दोन-तीनदां असेंच घडलें, तर वाद उरत नाहीं.

नवा भाग बसवितांना डिस्ट्रिब्यूटर उतरविण्याआधीं त्याच्या व रोटरच्या जागेवर खुणा करून घ्याव्या, आणि नंतर टायमिंग दिव्यानें पाहावें. कित्येक गाड्यांस सेन्सर सुटा मिळत नाहीं. सबंध डिस्ट्रिब्यूटर घ्यावा लागतो. काम झाल्यावर तोच गरम वारा नव्या भागालाही एकदां देऊन पाहावा, आणि मिस्त्रीचा हिशेब त्यानंतर करावा.