स्वयंचलित म्हणजे बेवारशी नव्हे

ज्याचा पत्ता लागत नाहीं त्याचें पत्र पोस्टांतच पडून राहतें. संगणकाचेंहि तसेंच आहे. त्याच्याकडे येणारा मजकूर पत्त्यावरच येतो, आणि हा पत्ता बहुधा चार संख्यांचा असतो. प्रत्येक संख्या ० ते २५५ यांमधील. विद्यार्थी शाळेच्या संगणककक्षांत बसतात, कळ दाबतात, आणि क्षणार्धांत यंत्र जगाशीं बोलूं लागतें. परंतु त्या यंत्रास पत्ता दिला कोणीं, हा प्रश्न फारच थोड्यांस पडतो. तो सर्वांस पडावा, आणि त्याच्या उत्तरापासून शाळा, पालक व विद्यार्थी या तिघांनींहि कांहीं बोध घ्यावा, एवढ्याचसाठीं हे चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीं हे पत्ते माणूस हातानें लिहीत असे. १९८५ सालीं बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांनीं ‘बूटपी’ नांवाची पद्धत मांडली. तींत यंत्र सर्व्हरकडे आपला पत्ता विचारूं शके. मात्र प्रत्येक यंत्राची नोंद कोणी तरी अगोदर करून ठेवावी लागे. १९९३ सालीं राल्फ ड्रोम्स यांनीं पुढचें पाऊल टाकलें. त्यांच्या पद्धतीस डी.एच.सी.पी. म्हणतात, व तिचें १९९७ सालीं सुधारलेलें रूप आजहि रूढ आहे. तिचें काम चार बोलांत उरकतें. नवें यंत्र पुकारतें, “येथें पत्ता देणारा कोणी आहे काय ?” सर्व्हर म्हणतो, “हा पत्ता मोकळा आहे.” यंत्र म्हणतें, “मग तोच मला द्यावा.” सर्व्हर उत्तरतो, “दिला. परंतु अमुक मुदतीपुरता.” निम्मी मुदत सरली कीं यंत्र पुन्हां विचारतें व मुदत वाढवून घेतें. जें विचारावयास येत नाहीं, त्याचा पत्ता मुदतीनंतर दुसऱ्यास मिळतो.

‘मुदतीपुरता’ हा शब्द आमच्या वऱ्हाडास नवा नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेल्या श्रीगाडगेबाबांनीं पंढरपूर, नाशिक इत्यादि ठिकाणीं धर्मशाळा बांधविल्या. धर्मशाळेंतील खोली उतारूच्या मालकीची होत नाहीं. तो गेला म्हणजे ती दुसऱ्याची. म्हणूनच थोड्या खोल्यांत पुष्कळांची सोय होते. पत्त्यांचेंहि असेंच आहे. या चार संख्यांच्या पत्त्यांची एकूण गणती सुमारें ४२९ कोटि भरते, आणि जगाच्या मध्यवर्ती भांडारांतील त्यांचा सांठा फेब्रुवारी २०११ मध्यें संपला. शाळेच्या आंत वापरावयाचे पत्ते निराळे राखून ठेवलेले असतात. अकोल्याच्या शाळेंत व अमरावतीच्या शाळेंत १२ हा हजेरीक्रमांक एकाच वेळीं असूं शकतो, त्याप्रमाणें हे पत्तेहि दोन्हीकडे तेच असले तरी बिघडत नाहीं. एकाच वर्गांत मात्र दोन मुलांस एक क्रमांक देऊन चालणार नाहीं.

आतां कोणी म्हणतील, “चाळीस यंत्रांस हातानें पत्ते लिहिले तर काय बिघडलें ?” हिशेब करून पाहावा. प्रत्येक यंत्रांत पत्ता, जाळ्याची मर्यादा, बाहेर जाण्याचें द्वार आणि नांवांचा अर्थ सांगणारा सर्व्हर अशा चार नोंदी. म्हणजे एकंदर १६० नोंदी. त्यांत एक आंकडा चुकून दोनदां पडला कीं दोन यंत्रें एकमेकांच्या आड येतात. दहा यंत्रांच्या खोलींत हा व्याप झेपेल, त्याहून अधिकांस झेपणार नाहीं. तेव्हां हें काम सर्व्हरवर सोंपविणें शहाणपणाचें आहे, यांत आम्हांस शंका नाहीं.

आमचा आक्षेप निराळ्याच समजुतीवर आहे. काम आपोआप होतें, मग त्याकडे पाहावयास कोणी नको, असें पुष्कळांस वाटतें. परंतु सर्व्हरपाशीं दोनशें पत्ते असून मुदत आठ दिवसांची ठेविली, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मोबाईलांनीं ते सर्व अडवून धरले, तर वर्गांतील मुलाच्या यंत्रास पत्ता उरत नाहीं. कोणी हौसेनें घरचा वाय-फाय राउटर आणून भिंतींतील तारेस जोडला, तर एका जाळ्यांत दोन वांटप करणारे होतात, व दुसऱ्यानें दिलेला पत्ता घेतलेलीं यंत्रें भलत्याच वाटेस लागतात. महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी ही प्रवेशपरीक्षा २०१९ पासून संगणकावर घेतली जाते. अशा परीक्षेच्या दिवशीं असा घोंटाळा झाला, तर ज्या मुलानें दोन वर्षें अभ्यास केला त्यानें दोष कोणास द्यावा ?

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक शाळेंत या कामास एक जबाबदार शिक्षक नेमावा व त्याच्यापाशीं एक वही असावी. पाहुण्यांच्या मोबाईलांस थोड्या तासांची मुदत द्यावी. छपाईयंत्रासारख्या सर्वांच्या उपयोगाच्या यंत्रास सर्व्हरवरच कायमचा पत्ता राखून ठेवावा. कोणत्या यंत्रास कोणत्या वेळीं कोणता पत्ता दिला, याची नोंद सर्व्हरपाशीं राहूं शकते. तिचा उपयोग दुरुस्तीसाठीं व शिस्तीसाठीं व्हावा, मुलांच्या मागें डोळे लावण्यासाठीं होऊं नये, हें पालकांनींहि शाळेस विचारून खात्री करून घ्यावें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याकडेहि थोडें काम आहे. यंत्र चालेनासें झालें कीं हात जोडून बसूं नका. त्याचा पत्ता वाचा. तो १६९ आणि २५४ या संख्यांनीं सुरू होत असेल, तर सर्व्हरकडून उत्तर न आल्यामुळें यंत्रानें स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला आहे असें समजा, आणि तार नीट बसली आहे कीं नाहीं येथून शोध आरंभा. गाडगेबाबा धर्मशाळा बांधवून थांबले नाहींत. गांवोगांव त्यांनीं स्वतः हातांत खराटा घेतला. अमरावतीचें विद्यापीठ आज त्यांचें नांव मिरवीत आहे. त्या जिल्ह्यांतील व शेजारच्या अकोल्यांतील मुलांनीं यंत्राकडून सेवा घ्यावी, पण त्याची झाडलोट आपल्या हातीं ठेवावी, एवढेंच आमचें मागणें आहे.