पिल्लू कितीला पडलं?

नागपुरात कोणी कुत्रं आणलं की पहिला प्रश्न ठरलेला: "कितीला पडलं जी?" पिल्लाचे पैसे एकदाच जातात. पुढच्या दहा-बारा वर्षांचा हिशेब कोणी विचारत नाही. आपल्याकडे तो मे महिन्यापासून मांडायला हवा.

शेजारच्या काकूंकडे हस्की आहे. सायबेरियात बर्फावर गाडी ओढणारं जनावर आणि इथे पारा पंचेचाळिसाला भिडलेला. दुपारभर ते न्हाणीघरात फरशीला पोट चिकटवून पडतं. त्याच्यासाठी वेगळा कूलर आला. दोनशे वॉटचा कूलर रोज दहा तास म्हणजे 2 युनिट, महिन्याचे 60. घरचा वापर आधीच तीनशेच्या काठावर असेल, तर हे साठही वरच्या, महागड्या दरानं लागतात. आता एसीचं घाटतंय. "माणसांसाठी नाही घेतला कधी," काका म्हणतात. तक्रार की कौतुक, कळत नाही.

खाण्याचं गणित सोपं आहे. पंचवीस किलोच्या कुत्र्याला रोज तीनशे ग्रॅम कोरडं खाद्य धरलं तरी वर्षाला क्विंटलच्या वर जातं. लसींत मात्र काटकसर नको. दीड-दोन महिन्यांपासूनच्या लसी चुकल्या आणि पार्व्होनं पिल्लू रक्ताची हगवण घेऊन पडलं, की सलाइनमध्येच लसींच्या कितीतरी पट पैसे जातात. पावसाळ्यात कानामागे बोट फिरवून बघा, ज्वारीच्या दाण्याएवढी गोचीड हाताला लागेल. गोचिडीचं औषध महाग वाटतं. गोचीडतापाचं बिल पाहिलं की वाटत नाही. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, हे नव्या पालकांपैकी अनेकांच्या गावीही नसतं.

ऑक्टोबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं म्हटलं होतं, की मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचं तर त्यांना दत्तक घ्या, महापालिकेत नोंदवा. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. सक्ती नकोच, पण सल्ला म्हणून मला तो पटतो. गल्लीतलं पिल्लू इथल्याच उन्हात वाढलेल्या आईचं. लसी, जंताचं औषध, गोचीड त्यालाही चुकत नाहीत; स्वतंत्र कूलर बहुतेक चुकतो. वाचलेल्या पैशांतून नसबंदीचे आधी बाजूला काढा. आणि दिवाळीला गावी जाणार असाल, तर त्याला कोण सांभाळणार हे दसऱ्याआधीच विचारून ठेवा. ऐन वेळी शेजारीही गावीच गेलेले असतात.