नाव सोनूबाई, पण गाभा कुणाचा?

संगणकाच्या प्रोसेसरला नाव देण्याची पाळी कंपनीवर कोर्टामुळे आली. इंटेल पूर्वी आपल्या मालाला नुसते आकडे देत असे : २८६, ३८६, ४८६. प्रतिस्पर्धी एएमडीनेही तेच आकडे लावले, आणि १९९१ साली अमेरिकेतील न्यायालयाने '३८६' ही काही कुणा एकाची मिरास नव्हे, असे ठरविले. मग १९९३ मध्ये 'पाच' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'पेंटियम' जन्मास आले. त्या काळी तो मानाचा तुरा होता. बेताच्या खिशासाठी १९९८ मध्ये निराळे नाव निघाले, 'सेलेरॉन'. लॅटिनमध्ये 'सेलेर' म्हणजे चपळ; आणि पहिल्या सेलेरॉनमधून चपळाई देणारी दुय्यम कॅश स्मृतीच नेमकी काढून टाकलेली! असो. निदान थोरली पाती कोणती व धाकटी कोणती, हे गिऱ्हाइकाला कळत तरी होते.

खरा घोळ पुढे झाला. २०१३ पासून 'ॲटम' या हलक्या घराण्यातील गाभ्यांनाही पेंटियम हे नाव मिळू लागले. म्हणजे एकाच नावाची दोन मुले, आईबाप मात्र वेगळे. २०१७ मध्ये कंपनीने त्यांना 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' अशी पदके वाटली. त्यातही गंमत अशी, की 'सिल्व्हर'च्या काही नमुन्यांत गाभे चार, तर 'गोल्ड'मध्ये दोनच. पण त्या दोहोंतला एकेक गाभा अधिक दमदार. दुकानात उभ्या असलेल्या माणसाने गाभे मोजावेत, की धातू पाहावा?

एएमडीही सोवळी नाही. 'रायझन ५ ७५२०यू' आणि 'रायझन ५ ७५४०यू' ही नावे जुळ्या भावंडांसारखी दिसतात. पण पहिल्यात २०१९ सालची 'झेन २' रचना आहे व दुसऱ्यात २०२२ ची 'झेन ४'. भेद सांगणारा आकडा आहे तिसरा! कंपनीने ही गुरुकिल्ली जाहीर केली होती, हे खरे. पण ती खिशात घालून दुकानात जाणारे आपल्यात कितीजण निघतील?

कुणी म्हणेल, निबंध टंकायला स्वस्त प्रोसेसर पुरतो, मग तक्रार कशाची? पुरतो, हे मलाही मान्य आहे. तक्रार मालाबद्दल नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी संगणक घेतला जातो तो एकदाच, तोही शिष्यवृत्तीत घरची पुंजी घालून. महागड्या यंत्रांची नावे ग्राहक चार ठिकाणी ताडून पाहतो. स्वस्त यंत्राचा ग्राहक खोक्यावरील नावावर विसंबतो. ज्याला नावाचा आधार सर्वांत जास्त, त्याच्याच वाट्याला सर्वांत फसवे नाव यावे, हा अन्याय नव्हे काय?

आता व्याकरणाच्या प्राध्यापकांसाठी एक उदाहरण. २०२३ पासून लॅपटॉपसाठी पेंटियम आणि सेलेरॉन ही दोन्ही नावे इंटेलने मोडीत काढली आणि त्यांच्या जागी नाव आणले, 'इंटेल प्रोसेसर'! विशेषनामाच्या गादीवर सामान्यनाम बसविले. घरात मुलगा जन्मावा आणि बारशाला त्याचे नाव 'मुलगा' ठेवावे, तसा हा प्रकार. 'यात इंटेलचा कोणता प्रोसेसर आहे?' या प्रश्नाला दुकानदाराने 'इंटेल प्रोसेसर' असे उत्तर दिले, तर त्याला खोटारडाही म्हणता येणार नाही. खरी ओळख मागे उरलेल्या 'एन१००', 'एन२००' अशा शेपटांत असते, आणि खोक्यावर सर्वांत बारीक अक्षरात बहुधा तीच छापलेली असते.